सांगाव्याची सायकल

नागपूरच्या इतवारीत कवडू निनावेला ओळखत नाही असा माणूस नव्हता, आणि तो आपल्या दारी यावा असं वाटणाराही माणूस नव्हता. त्याच्यात वाईट काही होतं असं नाही. सरळमार्गी, खालमानेचा, दिवसभर भांड्यांच्या दुकानांच्या ओळीत हातठेला ओढणारा माणूस. पण त्याच्या गळ्यात आणखी एक काम पडलं होतं. वस्तीत कोणी गेलं, की गावोगावच्या नातेवाइकांना मातीचा, म्हणजे अंत्यविधीचा, सांगावा पोचवायला कवडूच जायचा. वस्तीत सायकल घेणारा तो पहिला, म्हणून कधीतरी त्याला पाठवलं, आणि तो गेला. आपल्याकडे एकदा 'हो' म्हटलं, की जन्मभर 'नाही' म्हणायची सोय राहत नाही.

सांगाव्याचे नियम पायी निरोप नेणाऱ्यांच्या काळापासूनचे. सायकल आली तेव्हा त्यांत तिचेही दोन वाढले. सांगावा नेणाऱ्यानं घंटी वाजवायची नाही. सायकल स्टँडवर लावायची नाही, हातात धरूनच उभं राहायचं. उंबऱ्याच्या आत पाय ठेवायचा नाही, बसायचं नाही, आणि सुतक पडलेल्या त्या घरचं पाणी प्यायचं नाही, मग वैशाखाचं ऊन टाळू फोडत का असेना. शेवटचा नियम असा, की 'गेले' हा शब्द तोंडातून काढायचा नाही. "तब्येत जास्त हाय, चला," एवढंच म्हणायचं. ऐकणाऱ्याला सगळं कळायचं. तरी वाटभर धरून राहायला त्याला काहीतरी मिळायचं. ते खोटं आहे हे ठाऊक असूनही माणूस ते घट्ट धरतो, आणि त्याला कोणी हसत नाही.

या कामाची किंमत कवडूला रोज मोजावी लागे. तो लग्नाला जायचा तर सायकल घरी ठेवून, पायी. वाटेतल्या एखाद्या गावातून साध्या कामासाठी जाणं झालं, तर वेशीपासूनच ओरडत जायचा, "मी असाच चाललो हो! असाच चाललो!" तरी बाया पदर तोंडाला लावायच्या ते लावायच्याच. त्याची बायको जिजाबाई कधी चिडून म्हणायची, "दुसऱ्या कोनाले सांगा म्हना. तुमालेच काहून बोलावतेत?" कवडू म्हणायचा, "कोनीतरी जालेच पाहिजे ना वं." त्यांना मूलबाळ नव्हतं, आणि काही शहाणे तेही सांगाव्याशी नेऊन जोडत. लोकांच्या तोंडाला कोण हात लावणार.

सायकलीला पहिल्यापासून दूधवाल्यांसारखे जाडजूड टायर होते. बाभळीचा काटा आत शिरेना, पण पायडल मारताना हातठेलाच ओढतो आहे असं वाटे. सायकल दुरुस्तीचं दुकान होतं लहानूचं, गल्लीच्या तोंडाशी. लहानू कवडूपेक्षा लहान, बोलायला फटकळ. सायकलीच्या शर्यती लागल्या की दुकान बंद करून बघायला जायचा आणि आठ दिवस त्याच गोष्टी सांगायचा. तो कवडूला म्हणाला, "कवडूभाऊ, हे टायर नाई, दगडं हायेत. बारीक लावा, रेसवाल्यासारखे. जितकं बारीक, तितकं जोरात. हवा टिच्चून भरतो. मंग पाहा."

कवडूनं लावले. सीताबर्डीच्या डांबरावर सायकल अशी पळाली, की चाळिशीतल्या त्या माणसानं कारण नसताना एक फेरी जास्त मारली. लोक शेवटचं तोंड बघायला वेळेवर यावेत, यासाठी जोर हवा, आणि तो जोर आपल्याला मिळाला, असं त्याला मनापासून वाटलं. लहानूलाही वाटलं. त्या दोघांची चूक एकच होती. दोघांनी टायर डांबरावर बघितले, आणि सांगावे जायचे ते गिट्टीवरून, खडीच्या कच्च्या वाटेवरून.

त्याच उन्हाळ्यात गणपतरावांची बायको सकवारबाई पहाटे गेली. गणपतराव वस्तीतले सुताचे व्यापारी. कवडूच्या घरापासून चार घरं सोडून त्यांचं घर. एकुलती मुलगी इंदुताई खाप्याला दिलेली, हातमागावर लुगडी विणणाऱ्या महादेवरावांना. दिवस वैशाखाचे. प्रेत ठेवता येणार नव्हतं. गणपतरावांचा धाकटा भाऊ भैय्याजी आणि चार मोठी माणसं बसली आणि ठरलं, की ऊन कललं की उचलायचं. गणपतराव कवडूजवळ आले. "कवडू, इंदू येईपर्यंत मी लोकायले थांबवतो. पन तू लवकर जा गा."

सावनेरपर्यंत डांबर होतं, तिथवर कवडू वाऱ्यासारखा गेला. त्या काळी सावनेर सोडलं की खाप्याची वाट म्हणजे गिट्टी आणि मुरूम. तिथं पोचला आणि घोडं पेंड खायला लागलं. टिच्च भरलेली बारीक चाकं प्रत्येक दगडावरून उडायची. हँडल हातात थरथरायचं, हात बधिर झाले, आणि मारलेल्या पायडलचा जोर कुठं जातो तेच कळेना. एका मोठ्या गिट्टीवर चाक आपटलं आणि हवा गेली. त्यानं बाभळीखाली बसून ट्यूब काढली, ठिगळ लावलं, पुन्हा हवा भरली. थोडं पुढं गेला तर मागचं चाक बसलं. ट्यूबला जोडीनं दोन भोकं, शेजारीशेजारी. ठिगळ उरलं होतं, पण सोल्युशनची नळी उन्हानं सुकून गेली होती. मग सायकल हातात धरून तो पळाला. चालला. पुन्हा पळाला.

खाप्याला पोचेपर्यंत ऊन माथ्यावरून उतरलं होतं. इंदुताई दारात आली. घामानं चिंब झालेला, सायकल हातात धरून अंगणाबाहेर उभा असलेला कवडू तिनं बघितला. तो म्हणाला, "ताई, आईची तब्येत जास्त हाय. चला." बैलगाडी जुंपली गेली. सावनेरला आले तर नागपूरची मोटर निघून गेली होती.

पुढच्या मोटरनं इंदुताई माहेरी पोचली तेव्हा आई ठेवली होती ती जागा सारवलेली होती आणि तिथं पिठावर दिवा होता. लोकांनी थांबायचं तेवढं थांबून बघितलं होतं. इंदुताई तशीच मागं फिरली आणि गंगाबाई घाटाकडे पळत सुटली. त्या घरातली कोणी बाई आजवर घाटावर गेली नव्हती. तिला कोणी अडवलंही नाही, कारण अडवायला कोणाचा हात वर झाला नाही. कवडू सावनेरला चाक नीट करून परस्पर घाटावर आला होता. त्यानं तिला येताना बघितलं. चितेला अग्नी दिला होता. रचलेल्या लाकडांच्या बाहेर सकवारबाईचे फक्त पाय दिसत होते.

तेरवीच्या दिवशी कवडू गणपतरावांच्या अंगणाबाहेर उभा होता. इंदुताई आली आणि रडून बसलेल्या आवाजात म्हणाली, "कवडूभाऊ, मले आईचे पायच दिसले." तिच्या बोलण्यात राग नव्हता. तिनं शिवी दिली असती तर बरं झालं असतं. शिवी माणूस विसरतो. हे वाक्य कवडूच्या आत गेलं ते गेलंच.

त्यानं सायकल नेऊन लहानूच्या दुकानापुढं आडवी टाकली. लहानूनं ट्यूब काढली, पाण्यात बुडवून बघितली आणि भोकांवरून बोट फिरवलं. "काटा नाई घुसला," तो म्हणाला. "दगडावर टायर दबला आन् ट्यूब रिममंदी चेपली. बारीक टायर गिट्टीचं नाईच, कवडूभाऊ. माहीच चूक हाय."

"चूक दोघायची," कवडू म्हणाला. "जाड लावून दे पहिलेसारखे."

"लावतो. पन जाड लावून तुमी वेळेवर पोचसान का?"

जाड टायरनं माणूस नक्की पोचतो, पण उशिरा. बारीक टायरनं लवकर पोचतो, पण पोचेलच असं नाही. या दोन्हींत इंदुताईला आईचं तोंड कुठंच दिसत नव्हतं.

पुढचं कवडूला सुचलं ते ठेला ओढताना. भांड्यांच्या ओळीत दोन तऱ्हेचे ठेले होते. जुन्यांना लोखंडी धाव बसवलेली बारीक चाकं, आणि नव्यांना हवेची रुंद रबरी चाकं. एका सकाळी गल्लीत उकरलेल्या दगडांवरून दोन्ही एकामागोमाग गेले. पुढच्या लोखंडी चाकाच्या ठेल्यातली पितळी घंगाळं अशी आदळली, की दुकानदार बाहेर आले. मागच्या ठेल्यातली घंगाळं नुसती किणकिणली, आणि ओढणाऱ्याला ठेला जडही गेला नाही. कवडू तिथंच थांबला. मागचा शिव्या घालायला लागला तरी हलला नाही. लोखंडी चाक प्रत्येक दगडावर चढत होतं, आणि ओढणाऱ्याचा जोर त्या चढण्यात जात होता. रबरी चाक दगडाला पोटात घेत होतं.

संध्याकाळी तो लहानूला म्हणाला, "मले रुंद टायर पाहिजे. पन हलका. आन् नरम."

"असा कुठं रायते का?" लहानू म्हणाला. "रुंद म्हटला का जड आलाच."

पण लहानूच्याही मनाला ती दोन भोकं लागून राहिली होती. त्यानं सीताबर्डीपासून कामठीपर्यंत ओळखीची दुकानं पालथी घातली. कोणी जाड नक्षीचे दाखवले, की चिखलात घसरणार नाहीत म्हणून. कवडू ते हातात घ्यायचा, दोन अंगठ्यांनी बाजू दाबायचा आणि परत ठेवायचा. त्याला चिखलाची भीती नव्हती, वजनाची होती. कोणी मऊ दिले, पण ते इतके पातळ, की बाभळीच्या रस्त्यावर दोन दिवस टिकले नसते. त्यानं तेही लावून बघितले, हुडकेश्वरच्या मुरमाड वाटेवर सुट्टीच्या दिवशी चालवले आणि काटे मोजत बसण्यापेक्षा ते टायरच काढून टाकले. वस्तीतले लोक हसायचे. पोरीसाठी नवरा बघत नाही इतकं हा टायर बघून राहिला, असं भैय्याजी एकदा पानाच्या ठेल्यावर म्हणाले. हसणाऱ्यांत गणपतराव नव्हते.

शेवटी लहानूला हवे तसे सापडले, एका बंद पडलेल्या दुकानाच्या माळ्यावर. रुंद, पण उचलले तर हाताला जाणवू नयेत इतके हलके. बाजूचं कापड बारीक सुताचं, घडी घातली तर मोडत नव्हतं. मधोमध काट्यापुरतं रबर, आणि त्यावर नक्षी म्हणजे नुसत्या बारीक रेघा. गणपतरावांनी ते हातात घेऊन सूत बघितलं, कारण सुताचं त्यांना कळत होतं. "चांगल्या पिळाचं हाय," एवढंच म्हणाले आणि परत दिलं.

हवेचं मात्र कवडूला स्वतः शिकावं लागलं. टिच्च भरली की सायकल पुन्हा उडायला लागायची. कमी केली की रिम दगडाला लागायची. तो घरामागच्या गिट्टीच्या ढिगावर पुन्हापुन्हा चालवून बघायचा, आणि जिजाबाई दारातून बघत राहायची. शेवटी त्यानं मोजमाप ठरवलं ते संत्र्याचं. अंगठा दाबला तर पिकल्या संत्र्याएवढा टायर दबला पाहिजे. मागच्या चाकावर वजन जास्त, म्हणून ते मोसंबीएवढं कडक. लहानू हसला, पण त्या दिवसापासून गिट्टीवर जाणाऱ्या प्रत्येकाला हेच सांगायला लागला, आणि शोध आपलाच असल्यासारखं सांगायला लागला.

यानंतर कवडू उशिरा पोचला नाही. पाटणसावंगीच्या पलीकडची गावं, कन्हानकाठची गावं, कुठं लेक, कुठं भाऊ, कुठं म्हातारी बहीण, सगळे शेवटचं तोंड बघायला वेळेवर आले. तो सांगावा द्यायचा, मान खाली घालून उभा राहायचा, आणि कोरड्या घशानं परत फिरायचा. टायरबद्दल तो कोणाजवळ बोलला नाही. जी भरपाई करायची होती, ती होण्यासारखी नव्हती, हे त्याला ठाऊक होतं.

मग काही वर्षांनी, हिवाळ्यात, गणपतरावांची छाती भरली. डॉक्टर येऊन गेले आणि मोठ्यांना बाजूला घेऊन हळू बोलले. सकाळी म्हाताऱ्यानं डोळे उघडले आणि भैय्याजींना म्हणाले, "इंदूले बोलवा. मी हाय तवरच बोलवा." पोस्टाला सुट्टी होती, तार जाणार नव्हती. सकाळची मोटर निघून गेली होती. भैय्याजी स्वतः कवडूच्या दारात आले, आणि पानाच्या ठेल्यावर केलेल्या थट्टेची लाज त्यांच्या चेहऱ्यावर दिसत होती. "कवडू, अजून श्वास हाय," ते म्हणाले. "दुपारची मोटर सावनेरवरून साधली तरच जमन."

आजवर कवडूनं गेलेल्यांचे सांगावे नेले होते. जित्या माणसाचा निरोप न्यायची ही पहिलीच वेळ. त्यानं दोन्ही चाकांना अंगठा लावून बघितला आणि निघाला.

सावनेर सुटलं आणि गिट्टी लागली. टायर दगडांना पोटात घेत चालले. जिथं त्या वैशाखात तो बाभळीखाली बसला होता, ती बाभळ मागं पडली. त्यानं तिच्याकडे बघितलं नाही. खाप्याला पोचला तेव्हा दुपारची मोटर साधायला पुरेसा वेळ हातात होता.

इंदुताई अंगणात रंगवलेलं सूत वाळत घालत होती. अंगणाबाहेर सायकल हातात धरून उभा असलेला कवडू तिला दिसला. हातातली लडी खाली पडली. कवडू तोंड उघडणार एवढ्यात तिनं हंबरडा फोडला.

"ताई, तुहे बाबा जित्ते हायेत," कवडू म्हणाला. "तुले बोलावून राहिले. चाल लवकर."

"तवाबी असंच म्हटलं होतं तुमी!" ती म्हणाली.

शेजारच्या बाया धावत आल्या. कोणी तिला धरलं, कोणी स्वतःच रडायला लागली. महादेवराव मागावरून उठून आले, आणि कवडूला बघून त्यांनी डोक्याची टोपी काढली. "जित्ते हायेत, शपथ घेऊन सांगतो," कवडू ओरडून म्हणाला. महादेवरावांनी त्याच्याकडे दयेनं बघितलं. कोणी खोदून विचारलं तर शपथाही तो अशाच घ्यायचा, हे साऱ्या रस्त्याला माहीत होतं. ते मातीच्या तयारीला लागले. लेकीकडून अंगावर घालायला नवं कापड आणायला एक जण बाजारात पाठवला. गावातल्या दोन घरी गणपतरावांचं नातं होतं, त्यांना बोलावणं गेलं. सगळे मिळून गाडीनं निघायचं, रिवाजाप्रमाणं. म्हणजे संध्याकाळ.

कवडू बघत राहिला. आयुष्यभर ज्या नियमांनी त्यानं लोकांना सांभाळून घेतलं, त्याच नियमांनी आता त्याचं तोंड बांधलं होतं. तो खरं बोलत होता, आणि त्याचं खरं मानायचं नाही हे या लोकांना त्यानंच शिकवलं होतं. इतकी वर्षं टायर शोधले, सूत बघितलं, संत्री दाबली, वेळेवर पोचलो, आणि इथं अंगणाच्या कडेला उभा राहून पुन्हा उशीर करतो आहे.

मग त्यानं सायकल स्टँडवर लावली.

रडणं चालूच होतं, पण स्टँडचा खटका एकदोघींनी ऐकला. कवडूनं घंटी वाजवली. अंगण ओलांडून तो आत आला, वाळणाऱ्या सुताखालून वाकून, ओसरीवर चढला आणि भिंतीला टेकून बसला. बाया गप्प झाल्या. महादेवराव दारात थबकले.

"इंदुताई," तो म्हणाला, "मले तहान लागली. पानी दे."

ती उभ्या जागी थांबली. मग ती आत गेली आणि पाण्यानं भरलेली लोटी घेऊन आली. देताना थोडं पाणी त्याच्या धोतरावर सांडलं. सगळ्या बाया, महादेवराव, कुंपणापलीकडचे लोक, सगळे बघत होते. कवडूनं लोटी दोन्ही हातांनी धरली, वर केली, आणि घटाघट सगळं पाणी प्याला. थेंब ठेवला नाही. मग लोटी उपडी करून ओसरीवर ठेवली.

"बाबा जित्ते हायेत," इंदुताई म्हणाली. ती त्याला नाही, स्वतःला सांगत होती.

तिनं लुगडंही बदललं नाही. तिच्या हाताला सुताचा निळा रंग तसाच होता. कवडूनं मागच्या चाकात पंपानं आणखी हवा भरली, कारण आता दोघांचं वजन होतं, आणि अंगठा लावून बघितला. या टायरांवर त्यानं कधी दुसरं माणूस बसवलं नव्हतं. हलक्या मालाची परीक्षा अशा वेळीच व्हायची असते. ती कॅरियरवर बसली आणि तिनं सीट धरली.

गिट्टीवर आल्यावर तिनं एकदाच विचारलं, "टायर टिकतीन का, भाऊ?"

"टिकतीन," तो म्हणाला. त्याला माहीत नव्हतं.

तो सीटवरून जरा उठूनच चालवत होता. मोठा दगड दिसला की पायडल थांबवून सायकल सैल सोडायचा. टायरच्या कडेनं खडे उडून टिचटिच आवाज यायचा, आणि प्रत्येक आवाजाला तो वाकून चाकाकडे बघायचा. बाभळ आली आणि गेली. रिमचा आवाज एकदाच आला, पण चाक बसलं नाही. सावनेरच्या नाक्यावर मोटर सुरू होऊन थरथरत उभी होती. कंडक्टरनं आधी नाही म्हटलं, मग इंदुताईचा चेहरा बघितला आणि सायकल टपावर चढवायला स्वतः हात लावला.

इतवारीतल्या घरात माणसं दाटली होती. इंदुताई आत आली तसे सगळे बाजूला झाले आणि बाजेच्या पायथ्याशी जागा केली, कारण लेक आली की आधी बापाच्या पाया पडते. इंदुताई पायथ्याशी थांबली नाही. पायांकडे तिनं बघितलंही नाही. सरळ उशाशी गेली, खाली बसली आणि बापाचं तोंड दोन्ही निळ्या हातांत धरलं. ज्यांना घाट आठवत होता, त्यांनी मान वळवली.

"बाबा, मी आली."

गणपतरावांनी डोळे उघडले. तिच्याकडे खूप वेळ बघत राहिले, मग अडखळत म्हणाले, "कोनासंगं आली?"

"कवडूभाऊसंगं."

"इतक्या दूरून आला. त्याले पानी देल्लं का?"

"देल्लं बाबा. पेला तो."

दाराबाहेर कवडू उभा होता. सायकल त्याच्या हातात नव्हती, भिंतीला लावलेली होती. त्यानं हे ऐकलं आणि पागोट्याचं टोक डोळ्यांना लावलं. तो सगळ्यांसमोर रडला, आणि ते त्यानं लपवलं नाही. गणपतराव पुढं दोन-तीन दिवस होते. गेले तेव्हा डोकं लेकीच्या मांडीवर होतं. खाप्याला सांगावा न्यायची गरजच उरली नाही.

त्यानंतर त्या रस्त्यावर एक नवा रिवाज पडला. कोणी पाडला असं नाही, पडला. आजारी माणसाला अजून श्वास असला, की घरचे कवडूला सांगत, "पानी मागजो." मग तो दारात जाऊन पहिलं पाणी मागायचा, आणि घरातली माणसं रडायच्या आधी चपला शोधायची. पाणी मागितलं नाही, की कोणी काही विचारायचं नाही. कवडूच्या येण्याला बाया अजूनही घाबरायच्या, पण आता आधी त्याच्या तोंडाकडे बघायच्या, पदर नंतर. खाप्याला तो सांगाव्याशिवाय जायला लागला, दिवाळीला, पोळ्याला. इंदुताईच्या ओसरीवर बसायचा. ती लोटी भरून आणायची, तो पाणी प्यायचा, मगच दोघं बोलायला सुरुवात करायची.

ऐंशी सालाच्या पुढं खाप्याची सडक डांबरी झाली, दिवसातून चार मोटरी यायला लागल्या, बाजारात टेलिफोनही आला. कवडूचे पाय थकले. टायर मात्र लहानू अजून तेच आणून द्यायचा, कुठून आणायचा त्यालाच ठाऊक.

एका सकाळी इंदुताई अंगणात होती. बाहेर ओळखीची सायकल दिसली आणि ती हसतच आत पळाली, लोटी भरून बाहेर आली. सायकलीजवळ लहानू होता. उन्हातून आला होता, ओठ कोरडे पडले होते. सायकल त्यानं हातात धरलेली होती.

"घे ना गा, पानी घे," इंदुताई म्हणाली आणि लोटी पुढं केली.

लहानूनं हात जोडले. लोटी घेतली नाही.